कापड आमचं, शिलाई तुमची

मी तोंडाची फटकळ आहे, हे मला कळायला लागल्यापासून सांगण्यात आलेलं आहे. आमच्या घरात आजोबांपर्यंत भिक्षुकी, वडील तहसील कचेरीत कारकून, सगळे खालच्या आवाजात बोलणारे. त्यांच्यात मी एकटी अशी कुठून निपजले, कोण जाणे. पण नोकरी लागली ती याच तोंडाच्या जोरावर. क्रांती चौकातून आत वळणाऱ्या एका गल्लीत प्लास्टिक सर्जरीचा छोटासा दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरांच्या हाताला गुण होता, पण पैसे मागायची भारी लाज. भाजलेला, सोलवटलेला माणूस समोर बसला आणि त्यानं खर्चाचं विचारलं, की डॉक्टर पंख्याकडं बघायचे आणि म्हणायचे, "ते बाहेर मॅडम सांगतील." त्या मॅडम म्हणजे मी.

शहराचं नाव तेव्हा बोर्डावर वेगळं होतं आणि शहर बीड बायपासच्या पलीकडं सुसाट पसरत चाललं होतं. जिकडं बघावं तिकडं प्लॉट, प्लॉटवर कमान, कमानीवर देवाचं नाव आणि आत नुसती काळी ढेकळं. पाऊस मात्र सलग रुसलेला. नळाला पाणी कधी येईल हे विचारायचं लोकांनी सोडून दिलं होतं. दवाखान्याला टँकर लागायचा, आणि टँकरवाल्याशी भांडायचं खातंही माझ्याकडंच होतं.

आमच्याकडं येणाऱ्यांच्या मनात पहिली शंका असायची ती प्लास्टिकची. वाळूजचा एक कामगार होता, हाताची कातडी मशीनमध्ये गेलेली. त्यानं मला गंभीरपणे विचारलं होतं, "मॅडम, प्लास्टिक कुठल्या कंपनीचं लावता? भट्टीजवळ काम असतं माझं, वितळणार तर नाही?" मी म्हटलं, "बाबा रे, नावच फक्त प्लास्टिक. तुझ्याच मांडीवरचं पातळ कातडं काढायचं आणि हातावर लावायचं." त्याचं बिल त्याची कंपनी भरणार होती, म्हणून त्यानं खर्चाचं काही विचारलं नाही, फक्त एसी खोली मिळेल का तेवढं विचारलं. पण ज्यांना खिशातून द्यायचे असायचे ते हे ऐकून सरळ बसायचे. कातडं बाहेरून आणायचं नाही म्हटल्यावर मग एवढे पैसे कशाचे, हा प्रश्न मला रोज कुणी ना कुणी विचारायचंच. एका सद्गृहस्थांनी तर बिलात टँकरच्या पाण्याचा आकार दिसल्यावर विचारलं, "माझं पोरगं बेशुद्ध होतं, ते पाणी कधी प्यालं?" अशा माणसाला काय सांगायचं? मी त्यांना ऑपरेशन थिएटरचे धुतलेले कपडे दाखवायला गच्चीवर घेऊन गेले. तेव्हा कुठं त्यांचं समाधान झालं.

तर त्या दुष्काळातल्या एका सकाळी त्या दोघी आल्या. आई आणि मुलगी. आई उंच, काटक, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी बोलली तरी आमच्या काउंटरला ऐकू यावं. त्यांची मेंढरं होती. पैठणच्या बाजूला चारा संपला, धरणाच्या पोटातसुद्धा भेगा पडल्या, म्हणून कळप घेऊन त्या शहराच्या कडेला आल्या होत्या. बायपासपलीकडच्या मोकळ्या प्लॉटांवर, कमानीच्या आतबाहेर, त्यांची मेंढरं चरायची. मुलगी असेल एकोणीस-वीसची. अंगात पूर्ण बाह्यांचा ड्रेस, आणि वरून ओढणी उजव्या हाताभोवती अशी गुंडाळलेली की हात आहे का नाही हेच कळू नये. आईचं तोंड चालू, हिचं बंद.

डॉक्टरांनी आत तपासलं. मुलगी लहान असताना झोपेत लोळत तीन दगडांच्या चुलीत गेली होती. हात भाजला, पाल्याचा लेप लावला, जखम भरली. पण भरताना कोपराच्या आतली कातडी आक्रसून दोरीसारखी ताठ झाली आणि हात जो दुमडला तो दुमडलेलाच राहिला. तोंडापर्यंत जायचा, पण सरळ व्हायचा नाही. डॉक्टरांनी सांगितलं, आवळलेली कातडी कापून हात मोकळा करू, जी जागा उघडी पडेल तिथं मांडीची कातडी लावू, मग काही महिने फळीला बांधून व्यायाम. होईल सरळ. मग पंख्याकडं बघून म्हणाले, "खर्चाचं पॅकेज बाहेर मॅडम सांगतील."

माय बाहेर आली ती चेहरा उजळलेला. काउंटरवर दोन्ही हात टेकवून मला म्हणाली, "बाई, डाक्टर लई देवमाणूस हायेत. पॅकेज मिळंल म्हणले."

मी नेहमीच्या सुरात सांगितलं, "हो, पॅकेज पस्तीस हजारांचं आहे."

"पस्तीस!" तिनं मुलीच्या पाठीवर थाप मारली. "बग, मी म्हणले नव्हते? गावात पॅकेजाचं नुसतं टीव्हीवरच दावत्यात, हातात काय नाय पडत. शहरात बग कसं रोख." आणि मला म्हणाली, "खात्यावर टाकणार का हातात देणार?"

मला क्षणभर काही समजेना. आणि मग समजलं तेव्हा हसावं का कपाळाला हात लावावा, असं झालं. त्या दिवसांत आमच्या मराठवाड्यात पॅकेज या शब्दाला एकच अर्थ होता. रोज बातम्यांत पॅकेज जाहीर व्हायचं. चाऱ्याचं पॅकेज, पाण्याचं पॅकेज. पॅकेज म्हणजे सरकार देतं ते. पॅकेज घेतातसुद्धा, हे तिच्या कानावर कधी आलंच नव्हतं.

"अहो मायबाई," मी म्हटलं, "आम्ही देत नाही हो. तुम्ही द्यायचेत."

तिनं मुलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "आमी? पोरगी आमची, भाजली आमची, आन वरून पस्तीस हजार आमीच द्यायचे? मग त्याला पॅकेज कामून म्हणता?"

मी दरांचा छापील कागद तिच्यापुढं सरकवला. पण ती हार मानणारी नव्हती. स्टूल ओढून बसली, पदर खोचला आणि म्हणाली, "बरं, मला सांगा. मांडीचं कातडं कुणाचं लावणार?"

"मुलीचंच."

"म्हंजे कापड आमचं. तुमची निस्ती शिलाई. मग शिलाईचं बोला ना. कापडाचे कशाला लावता?"

बाकावर बसलेले सगळे हसले. मला खरं तर राग यायला हवा होता, पण इतक्या वर्षांत हाच प्रश्न इतका नीट मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "माय, ब्लाऊजपीस केवढ्याला मिळतो आणि शिलाई केवढ्याला पडते, कधी हिशोब केला का? शिलाईच महाग असते."

तिनं चोळीच्या बाहीची शिवण चाचपली. मग मान हलवली. "व्हय. ते बी खरंच हाये. मेला टेलर सूट बी देत नाय."

मग तिनं हळू आवाजात, म्हणजे तिच्या मानानं हळू, मुलीला म्हटलं, "इकू धा-पंधरा मेंढरं." आणि तेव्हा ती मुलगी पहिल्यांदा बोलली. "मेंढरं इकायची नाहीत," ती म्हणाली. "चाऱ्याविना कोण इचारतंय त्यांना आता? मातीच्या भावात जातील. मला नाय करायचं आपरेशन." आणि सरळ उठून दाराकडं चालायला लागली.

"ए, थांब," मी ओरडले. माझं ओरडणं जरा जास्तच जोरात असतं, ती थांबली. "रेशनकार्ड कुठल्या रंगाचं आहे तुमचं?"

मायनं चोळीतून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून दुसरी पिशवी, आणि तिच्यातून पिवळं कार्ड. माझा जीव भांड्यात पडला. राज्य सरकारची योजना होती आणि आमचा दवाखाना तिच्यात होता. पिवळं, केशरी कार्ड असलं की अशी ऑपरेशनं फुकट व्हायची. कोपऱ्यात योजनेचं टेबल होतं, तिथं एक लाजाळू तरुण बसायचा. त्यानं फोटो आणि कागद मुंबईला पाठवायचे, तिथल्या डॉक्टरांनी हो म्हणायचं, की झालं. अट एकच. हात, पाय, मान वापरता यावी म्हणून केलेलं ऑपरेशन चालतं. नुसतं चांगलं दिसावं म्हणून केलेलं चालत नाही.

मी त्यांना हे सगळं सांगितलं. निदान मला तरी वाटतं, सांगितलं. त्या दिवशी टँकरवाला अर्धाच टँकर रिकामा करून पळाला होता आणि माझं अर्धं लक्ष त्याच्या मागं होतं.

फोटो काढायचा म्हटल्यावर माय मुलीला घेऊन बाथरूममध्ये गेली. बाहेर आल्या तेव्हा मुलीच्या तोंडावर पावडर, केस पाण्यानं चापून बसवलेले, कपाळावर मोठी टिकली, आणि ओढणी हाताभोवती पहिल्यापेक्षा नीट. फोटो म्हणजे चांगलंच दिसलं पाहिजे, दुसरं काय! योजनेचा तरुण इतका लाजला की "हात जरा उघडा" हे तीन शब्द त्याच्या तोंडातून निघेनात. त्यानं तोच फोटो पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईहून फोन आला. त्या दोघी बाकावरच बसल्या होत्या. फोन टेबलावर मोठ्या आवाजात लावला होता. पलीकडचे डॉक्टर बिचारे सौम्य बोलत होते. म्हणाले, "पेशंटच्या नातेवाइकांशी बोलू द्या. मावशी, मला सांगा, हे ऑपरेशन तुम्हाला कशासाठी करायचंय?"

माय फोनच्या अगदी जवळ गेली, पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "लग्नासाठी, सायेब! पोरीचं लगीन करायचंय. चांगली दिसाया नको व्हय?"

मी काउंटरवरून अक्षरशः धावले. पण उशीर झाला होता. पलीकडून डॉक्टर म्हणाले, "फोटोतही हाताला काही दिसत नाहीये. दिसण्यासाठीच्या ऑपरेशनला योजनेत मंजुरी नाही, मावशी. माफ करा." आणि फोन बंद.

"लगीन?" मुलगी ताडकन उठली. "कुणाचं लगीन? मला लगीन करायचंय असं मी कवा म्हणले तुला?"

"गप बस. तुला नाय कळत," माय म्हणाली. आणि मग मला समजावून सांगायला लागली, जणू अडाणी मीच. "बाई, सरकारला नोकरीसाठी पैसे मागितले तर सरकार म्हणतं, नाय. पाण्यासाठी मागितले तर म्हणतं, बघू. पण पोरीच्या लग्नाला कुणी नाय म्हणतं का? वैरी बी खिशात हात घालतो. म्हून मी इचार करून लगीन सांगितलं."

मला इतका राग आला होता, आणि तरी मनात म्हटलं, बाई, तुझं काय चुकलं? आमच्याकडं वर्गणी मागायला येणारा प्रत्येक जण लग्नाचंच कारण सांगतो आणि माझी आईसुद्धा त्याला कधी रिकामं पाठवत नाही. पण हे तिला सांगायची ती वेळ नव्हती. मी आधी योजनेच्या तरुणाला झाडलं, मग मायला झाडलं आणि शेवटी मुलीकडं वळले. "आणि तू ग? नोकरीचं काय म्हणत होती आई?"

मायनंच सांगितलं. मुलीला पोलीस व्हायचं होतं. बारावी झाली होती. पहाटे उठून बायपासजवळच्या प्लॉटांवर, कमानीपासून कमानीपर्यंत, मेंढरं उठायच्या आत पळायची. पळण्यात पोरांनाही हार जायची नाही. पण भरतीत गोळाफेक असते, आणि पुढं डॉक्टरी तपासणी असते. वाकडा हात असलेल्या मुलीला तिथूनच परत पाठवतात. भरती पुढल्या वर्षी निघणार अशी हवा होती. हात त्याआधी सरळ व्हायला हवा होता, आणि मुंबईच्या होकाराशिवाय तो होणं शक्य नव्हतं. एवढं सगळं त्या एका फोनवर अडकलेलं, आणि मायनं त्या फोनवर लग्न लावून दिलं!

डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, "पुन्हा पाठवता येईल. पण हात उघडा करून, बाजूनं फोटो पाहिजे. किती वाकडा आहे ते दिसलं पाहिजे."

"मी हात दावणार नाय," मुलगी म्हणाली.

"अगं, डॉक्टरांना दाखवलास ना?" मी म्हटलं.

"त्ये डाक्टर हायेत. फोटो मुंबईला जाणार. किती जण बघतील." तिनं ओढणी आणखी आवळली. "शाळेत मला पोरं लंगडी मेंढी म्हणायची. हाताला. मी बारावीपर्यंत बाही वर केली नाय."

माय तिच्या ओढणीचं टोक सारखं करायला लागली. डॉक्टर पंख्याकडं बघायला लागले. दवाखान्यात सगळीकडं असं शांत की मला ते सहन होईना. शांतता मला तशीही कधी झेपत नाही. मी म्हटलं, "मग ठीक आहे. भरतीच्या मैदानावर गोळा टाकताना काय करशील? ओढणीतून टाकशील? तिथं शेकडो जण बघत असतात. का साहेबांना सांगशील, तिकडं तोंड करा, मला लाज वाटते?"

जरा जास्तच बोलले, हे तोंडातून निघाल्यावर कळलं. मुलीचे डोळे असे झाले की मी एक पाऊल मागं सरकले. तिनं ओढणी ओढून मायच्या अंगावर फेकली. बाही खांद्यापर्यंत सारली. माझ्या काउंटरवरचा काचेचा गोल पेपरवेट उचलला, हनुवटीखाली मानेशी धरला, एक पाऊल मागं घेतलं आणि सगळा जीव लावून फेकला.

हात सरळ होत नाही म्हटल्यावर गोळा जाणार कुठं? तो पुढं गेलाच नाही. तिरका होऊन जागच्या जागी खाली आला आणि काउंटरवर जेवायला उघडून ठेवलेल्या माझ्या डब्यात पडला. शेवग्याची आमटी होती. अर्धी माझ्या साडीवर, अर्धी डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटावर.

मुलगी उभी, उघडा हात तसाच वाकडा. आणि मग मायचं हसू फुटलं. ती असं हसली की बाकावरचा प्लास्टर घातलेला म्हाताराही हसायला लागला, मग डॉक्टर, मग मी. शेवटी ती मुलगी स्वतः. तोंडावर हात धरायला गेली आणि पुन्हा हसली.

"मॅडम," कोपऱ्यातून योजनेचा तरुण म्हणाला. तो आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर काहीतरी करत होता. त्याच्या हातात मोबाइल होता. "मी शूट केलं."

डॉक्टरांनी मोबाइलवर बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "हेच पाठवायचं," म्हणाले. "पण बाजूनं एकदा पुन्हा पाहिजे. टाकशील?"

"टाकते की," मुलगी म्हणाली. "पण डबा बाजूला घ्या." मग पुढचा अर्धा तास आमच्या दवाखान्यात गोळाफेक चालली होती. उभं राहून, बाजूनं, समोरून. डॉक्टर कोपराला प्लास्टिकचं कोनमापक लावून आकडा सांगायचे, तरुण टिपायचा, माय प्रत्येक फेकीला "व्हय पुढं!" म्हणून ओरडायची आणि गोळा आपला दर वेळी पायाशी. नंतर मुलीनं हाताचे फोटोही काढू दिले. उन्हात उभी राहून, बाही वर करून. मी ओढणी हातात धरून उभी होते, पण तिनं ती मागितली नाही.

सोमवारी मुंबईहून मंजुरी आली. मंजुरीआधी पुन्हा फोन आला होता. तेच सौम्य डॉक्टर. "मावशी, ऑपरेशन कशासाठी?" माय फोनजवळ गेली, माझ्याकडं एक नजर टाकली आणि म्हणाली, "गोळा लांब जायला." डॉक्टर पलीकडं हसले. म्हणाले, "बघितलाय आम्ही गोळा. इथं सगळ्यांनी बघितला."

ऑपरेशनच्या दिवशी टँकर आला नाही. मी मालकाला फोनवर असं काही सुनावलं की भुलीच्या डॉक्टरांनी थिएटरचं दार लावून घेतलं. अर्ध्या तासात एक सोडून दोन टँकर आले. पुढं सगळं नीट झालं. मांडीवरून पापुद्र्यासारखी कातडी निघाली, कोपरात बसली आणि धरली. पट्टी सोडली त्या दिवशी माय त्या नव्या तुकड्याला कितीतरी वेळ न्याहाळत होती. "शिवण दिसत नाय," असं शेवटी म्हणाली.

घरी जायच्या वेळी ती माझ्याकडं आली. "किती झाले?"

"काही नाही. शून्य."

"असं कसं शून्य? काहीतरी सांगा, मग मी सूट मागते." तिचा चेहरा खरंच पडला होता. घासाघीस करायच्या तयारीनं आलेली बाई, तिला घासायला काहीच मिळालं नाही. मी कितीही सांगितलं तरी पटेना. शेवटी म्हणाली, "बरं, आमटीनं तुमची साडी गेली ना? तिची धुलाई तरी घ्या." मी घेतली नाही. मग तिनं मला तिथंच, सगळ्यांसमोर, दोन्ही हातांनी ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. माझी स्वतःची आई असं कधी करत नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवायला पुढच्या पेशंटवर विनाकारण ओरडले.

मुलगी महिनोन्महिने तपासायला येत राहिली. हाताला फळी, मग पट्टा, मग पाण्याची बादली उचलायचा व्यायाम. बादलीत पाणी नसायचंच, ती त्यात माती भरायची. कोपर हळूहळू सुटत गेलं. मग पाऊस झाला, मेंढरं परत गेली, आणि त्यांचं येणंही थांबलं. आमचा दवाखानाही जालना रोडवरच्या मोठ्या इमारतीत गेला. तिथं काउंटरला काच आली, पॅकेज कॉम्प्युटर सांगायला लागला आणि मला फक्त हो-नाही म्हणायचं उरलं. भरतीचं काय झालं, हे मला कुणी कळवलं नाही. मी विचारणार तरी कुणाला? मायच्या फोनवर "हा नंबर अस्तित्वात नाही" असं ऐकू यायचं. खरं सांगायचं तर मला भीती वाटायची. उगीच बोलून बसले त्या पोरीला आणि शेवटी तिथूनच परत पाठवलं असलं तर, असं कितीदा मनात यायचं.

अलीकडचीच गोष्ट. सकाळची घाई. क्रांती चौकात उड्डाणपुलाखालचा सिग्नल पिवळा झाला होता आणि मी स्कूटी रेटली. रेटली म्हणजे काय, सगळेच रेटतात. तर एकदम समोर हात आला. खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत सरळ, माझ्या नाकासमोर. मी करकचून ब्रेक दाबला आणि तोंड सोडलं, "अहो बाई, अंगावर येता का माणसाच्या?"

"सिग्नल दिसला नाय व्हय, मॅडम?"

वाहतूक पोलिसांची पांढरी-खाकी वर्दी. अर्ध्या बाहीची. आणि बाहीच्या खाली, कोपराच्या आतल्या वळणावर, बाकीच्या कातडीपेक्षा जरा सावळा असा एक तुकडा. भर उन्हात, सगळ्या चौकासमोर, उघडा.

मला बोलताच येईना. मला! मी नुसती हेल्मेट काढून बघत राहिले. ती हसत होती, पण हसता हसता म्हणाली, "लायसन काढा आधी."

"अगं, माझ्याकडून दंड घेणार तू?"

"तुमच्याकडून कामून नाय घ्यायचा?"

मी भरला. इतक्या आनंदानं पैसे मी आयुष्यात कधी भरले नाहीत. डोळे पुसत विचारलं, माय कशी आहे, मेंढरं किती आहेत, गोळा किती लांब गेला होता. ती एकेकाचं उत्तर देत होती, सावकाश, मायच्याच आवाजात. मधेच सिग्नल हिरवा झाला होता, ते आम्हा दोघींनाही कळलं नाही. मागं रिक्षा, बस, शेंद्र्याकडं निघालेल्या मोटरसायकली, सगळ्यांचे हॉर्न सुरू झाले. एक रिक्षावाला बाहेर डोकं काढून ओरडला, "ओ मॅडम, हरा हो गया ना! हाथ तो नीचे लो!"

तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. हात तसाच ठेवला, ताठ.

"थांबा जरा," ती म्हणाली. "मी मॅडमसंगं बोलायले."